छोट्या संस्थेला मोफत कायदेशीर मदत : ठाणे-नवी मुंबईत कुठं मागायची, कशी मागायची

दिघ्याला डोंगराच्या कडेच्या वस्तीत आमची संस्था मुलांची अभ्यासिका चालवते. काही वर्षांपूर्वी आमचे संस्थापक अध्यक्ष वारले. बँक खात्यावरची सही बदलायला आम्ही गेलो, तर बँकेनं धर्मादाय कार्यालयाचा, म्हणजे संस्थांची नोंदणी ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाचा, ‘शेड्यूल वन’चा ताजा उतारा मागितला. संस्थेच्या विश्वस्तांची आणि मालमत्तेची अधिकृत नोंद या शेड्यूल वनमध्ये असते. उतारा काढला, तेव्हा त्यावर संस्था स्थापन करणारे पहिले सातजणच होते. त्यातले दोघं हयात नव्हते आणि एक केव्हाच साताऱ्याला गावी राहायला गेले होते. मधल्या काळात तीन निवडणुका झाल्या होत्या. सभा झाल्या, इतिवृत्तं लिहिली, नव्या मंडळाला हारही घातले. फक्त धर्मादाय कार्यालयाला कुणी कळवलं नाही. दोन शिक्षिकांचं मानधन चार महिने अडकलं.

ठाण्यातल्या एका वकीलबाईंनी हे काम एक रुपया फी न घेता केलं. पण पहिल्या भेटीत त्यांनी आम्हाला पाच मिनिटांत परत पाठवलं. ‘फाईल लावून या, मग बोलू,’ एवढंच म्हणाल्या. तीन आठवड्यांनी फाईल लावून गेलो, तेव्हा चाळीस मिनिटांत सगळा मार्ग आखून दिला. त्यानंतर मी आसपासच्या अनेक लहान संस्थांसोबत अशा कामांसाठी फिरले. मोफत मदत करणारी माणसं या दोन शहरांत आहेत. मात्र ती आपला वेळ देतात, आपली कारकुनी करत नाहीत. म्हणून हा लेख वकिलाच्या पत्त्यापासून सुरू न करता तुमच्या कपाटापासून सुरू करते आहे.

आपण कायद्याच्या नजरेत कोण आहोत?

‘आमची एनजीओ आहे’ हे वकिलाला पुरत नाही. महाराष्ट्रात बहुतेक छोट्या संस्था तीनपैकी एका प्रकारात बसतात. पहिला प्रकार म्हणजे विश्वस्तपत्र करून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० खाली नोंदलेला न्यास (ट्रस्ट). दुसरा म्हणजे संस्था नोंदणी कायदा, १८६० खालची सोसायटी. आपल्या राज्यात तिची १९५० च्या कायद्याखालीही नोंदणी होते. तिसरा म्हणजे कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी. तिचा कारभार कंपनी निबंधकाकडे चालतो, त्यामुळे खाली चेंज रिपोर्टबद्दल, म्हणजे विश्वस्त वगैरे बदलल्याचं धर्मादाय कार्यालयाला कळवण्याबद्दल, जे लिहिलं आहे ते तिला लागू नाही.

सोसायटी असेल तर तुमच्याकडे दोन प्रमाणपत्रं हवीत. एकावर संस्था नोंदणीचा क्रमांक असतो, दुसऱ्यावर ‘एफ’ अक्षरानं सुरू होणारा न्यास क्रमांक. कित्येक संस्थांना दुसरं प्रमाणपत्र कपाटात असल्याचंच माहीत नसतं.

मग कार्यालय कुठलं, ते पाहा. ‘नवी मुंबई’ म्हटलं की इथं गोंधळ होतो. दिघा, ऐरोलीपासून वाशी, नेरुळ, बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे जिल्ह्यात येतो. खारघर, कामोठे, पनवेल रायगड जिल्ह्यात. त्यामुळे बेलापूरच्या संस्थेचं काम ठाण्याच्या धर्मादाय कार्यालयात चालतं आणि खाडीपलीकडे एका स्टेशनावरच्या खारघरच्या संस्थेला रायगडकडे पाहावं लागतं. सरकारी मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाचंही तसंच : एक ठाण्याला जिल्हा न्यायालयाच्या आवारात, दुसरं अलिबागला.

फाईल : खरं काम इथंच आहे

एक जाड बॉक्स फाईल आणा. सगळ्यात वर एका पानावर संस्थेचा तारीखवार इतिहास लिहा : नोंदणी कधी झाली, पहिलं मंडळ कोणतं, निवडणूक कधी झाली, कोण गेलं, कोण आलं, जागा कधी बदलली. हे पान लिहिताना ज्या तारखेला तुमचा हात अडेल, तिथंच बहुधा तुमची अडचण सापडेल.

त्याखाली दोन्ही प्रमाणपत्रं, मंजूर घटना व नियमावली, शेड्यूल वनचा उतारा, पॅन, आयकराची नोंदणी आणि ८० जी (देणगीदाराला करसवलत देणारी मान्यता) असल्यास तिचं पत्र, गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल ते सादर केल्याच्या पोचीसकट, जागेचा करार, कर्मचाऱ्यांची नेमणूकपत्रं. घटना मात्र नोंदणीच्या वेळी मंजूर झालेलीच हवी. संगणकावर कुणीतरी ‘सुधारून’ ठेवलेली प्रत घेऊन गेलात तर वकील चुकीच्या कागदावर सल्ला देईल आणि दोष त्यांचा नसेल.

कागद हरवले असतील तर घाबरू नका. धर्मादाय कार्यालयात नक्कल अर्ज करून तुमच्याच नस्तीतल्या कागदांच्या प्रमाणित प्रती घेता येतात. त्याला वेळ लागतो. म्हणून वकिलाची वेळ ठरवण्याआधी नक्कल अर्ज टाका.

आता चेंज रिपोर्टबद्दल जरा सविस्तर, कारण माझ्या पाहण्यातल्या निम्म्याहून अधिक छोट्या संस्थांचं दुखणं तेच आहे. १९५० च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त, पत्ता, मालमत्ता अशा नोंदींतला बदल घडल्यापासून ९० दिवसांत कळवायचा असतो. उशीर झाला तर पटणारं कारण देऊन विलंब माफीचा अर्ज सोबत जोडावा लागतो, आणि कार्यालय खर्च भरायला सांगू शकतं. प्रत्येक बदलासाठी हे कागद लागतात :

– सभेची नोटीस आणि ती सभासदांना पोचल्याचा पुरावा. ‘व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली होती’ एवढ्यावर भागेल का, ते तुमच्या घटनेत नोटीस कशी द्यायची लिहिलंय त्यावर ठरतं.
– हजेरीच्या सह्या. गणपूर्ती (कोरम) झाली होती का, हे पहिल्यांदा तपासलं जातं.
– इतिवृत्त आणि ठरावाची खरी प्रत.
– नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं, जाणाऱ्यांचे राजीनामे किंवा मृत्यूचे दाखले.

तीन निवडणुकांचे बदल राहिले असतील तर तिन्ही क्रमानं मांडावे लागतात. जुना बदल लटकत ठेवून ताज्याला मंजुरी मागितली की पहिला प्रश्न असा येतो : या मंडळाला निवडणारी सभा बोलावली कुणी, आणि त्यांना तो अधिकार कुठून आला? आमच्या वकीलबाईंनी तीन स्वतंत्र गठ्ठे करायला लावले, प्रत्येकाला वेगळं मुखपृष्ठ. सगळ्यात अवघड मधला गठ्ठा होता. त्या सभेची हजेरीवहीच सापडत नव्हती. शेवटी ती एका जुन्या खजिनदारांच्या घरी, पोटमाळ्यावरच्या पेटीत मिळाली. ती मिळाली नसती तर? तर जे आहे तेच सांगायचं. मागच्या तारखेच्या सह्या गोळा करून नवी वही तयार करण्याचा मोह छोट्या संस्थांना फार होतो, आणि सल्ला देणारेही भेटतात. तसं करू नका. उशीर माफ होऊ शकतो. बनावट कागद झाला की प्रकरण फौजदारीकडे जातं आणि मोफत मदत करणारा भला वकील त्याच क्षणी हात काढून घेतो. त्यानं घ्यायलाच हवा.

मदत कुठं मागायची

सरकारी मोफत विधी सेवेबद्दल मोठा गैरसमज आहे, तो आधी दूर करते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळतो तो व्यक्तीला : स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीतले लोक, आपत्तीग्रस्त आणि ठरावीक उत्पन्नाखालचे नागरिक. महाराष्ट्रात ही उत्पन्नमर्यादा वर्षाला ३ लाख रुपये आहे. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. संस्था म्हणून तुमचा चेंज रिपोर्ट लढवायला प्राधिकरण वकील देणार नाही. हे न कळल्यामुळे लोक कोर्ट नाक्याला दोन-तीन खेपा घालतात आणि ‘तिथं काही मिळत नाही’ म्हणून कायमचे परततात.

पण तुमच्या कामासाठी तिथं पुष्कळ काही आहे. नवऱ्यानं घराबाहेर काढलेली वस्तीतली बाई, पगार बुडालेला कामगार, दाखल्यासाठी अडलेलं मूल अशांना तुम्ही थेट पाठवू शकता, किंवा १५१०० ही राष्ट्रीय विनामूल्य मदतवाहिनी देऊ शकता. प्राधिकरण कायदेविषयक जनजागृती शिबिरं घेतं. तुमच्या अभ्यासिकेत किंवा समाजमंदिरात शिबिर घ्यावं अशी विनंती सचिवांच्या नावे पत्र देऊन करता येते. पॅरा लीगल व्हॉलंटियर म्हणजे विधी स्वयंसेवक निवडून त्यांना प्रशिक्षण देण्याची त्यांची योजनाही आहे. तुमच्या दोन धडाडीच्या कार्यकर्त्या त्यात गेल्या तर संस्थेला घरचीच माणसं तयार मिळतात. माझ्या मते छोट्या संस्थेनं प्राधिकरणाकडून घेण्यासारखी सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे.

संस्थेच्या स्वतःच्या कामासाठी मात्र वेगळी दारं ठोठवावी लागतात.

सर्वात आधी धर्मादायची प्रॅक्टिस करणारे स्थानिक वकील. भारतीय वकील परिषदेच्या नियमांतला ४६ वा नियम सांगतो की पैसे देऊ न शकणाऱ्या गरजूला आपल्या ऐपतीच्या मर्यादेत मोफत कायदेशीर मदत करणं हे वकिलाचं समाजाप्रती मोठं कर्तव्य आहे. नियम दाखवून हक्क सांगायला जाऊ नका. पण मागण्यात लाजही बाळगू नका. दिवाणी किंवा फौजदारीतला नावाजलेला वकील या कामात अडखळू शकतो, तेव्हा ‘धर्मादायची कामं करता का?’ हे विचारूनच पुढं जा.

दुसरं दार विधी महाविद्यालयांचं. ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाचं टीएमसी विधी महाविद्यालय आहे, नेरुळला डी. वाय. पाटील विद्यापीठाचा विधी विभाग आहे. विधी महाविद्यालयांत विधी सहाय्य केंद्र असतं. विद्यार्थी तुमच्या वतीनं उभे राहू शकत नाहीत, पण प्राध्यापकांच्या देखरेखीखाली इतिवृत्तं तपासणं, नेमणूकपत्राचा मसुदा करणं, मराठीत माहितीपत्रक लिहिणं ही कामं मन लावून करतात. परीक्षांचे दिवस टाळून जा.

तिसरं दार आपल्या अंगणातलं असूनही दुर्लक्षित आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक पट्ट्यातल्या मोठ्या कंपन्यांत विधी विभाग आणि कंपनी सचिव असतात. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी ठेवलेला, निधी मागायला सगळे जातात. ‘तुमच्या विधी विभागातल्या कुणाचे महिन्याला दोन तास मिळतील का?’ असं विचारणारे थोडेच. निधीपेक्षा हे ‘हो’ लवकर मिळतं, असा माझा अनुभव आहे.

याशिवाय थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनचा ‘ट्रस्टलॉ’ हा उपक्रम जगभरच्या ना-नफा संस्थांना मोफत काम करणाऱ्या वकिलांशी जोडून देतो. करार, धोरणं, अंतर्गत नियम अशा कामांना तो उपयोगी. अर्ज इंग्रजीत करावा लागतो. मुंबईतली सेंटर फॉर अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ फिलान्थ्रॉपी ही संस्था १९८६ पासून संस्थांच्या कायद्याच्या बाजूवर काम करते आहे. तिच्या काही सेवा सशुल्क आहेत, हे लक्षात ठेवून चौकशी करा.

विनंती कशी लिहायची

‘आम्हाला कायदेशीर मदत हवी आहे’ या वाक्याला उत्तर देणं कुणालाच जमत नाही. एका पानाचं पत्र, एकच प्रश्न आणि ठरलेली तारीख असू द्या. आम्ही वापरतो तो नमुना असा :

‘महोदया, आमची संस्था दिघा येथे पहिली ते दहावीच्या मुलांसाठी अभ्यासिका चालवते. संस्था १८६० व १९५० या दोन्ही कायद्यांखाली ठाणे येथे नोंदलेली आहे. आमच्या दोन शिक्षिकांना सध्या तोंडी नेमणूक आहे. त्यांना लेखी नेमणूकपत्र देण्यासाठी मसुदा तपासून हवा आहे. मसुदा दोन पानी असून सोबत जोडला आहे. फी देण्याची आमची ऐपत नाही. टंकलेखन, मुद्रांक व प्रवासाचा खर्च आम्ही करू. पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत तपासून मिळाल्यास जूनच्या आत पत्रं देता येतील. आमच्या बाजूने एकच व्यक्ती आपल्या संपर्कात राहील.’

शेवटचं वाक्य गाळू नका. चार विश्वस्तांनी चार वेळा फोन केले की चांगला माणूस हातचा जातो.

‘हो’ आल्यावर तीन गोष्टी लेखी ठरवा : काम नेमकं कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं, बाकीचा खर्च कोणाचा, आणि कागद परत कधी मिळणार. मूळ प्रती देऊ नका. दाखवायला न्या, छायांकित प्रती ठेवून या. कोऱ्या वकीलपत्रावर किंवा कोऱ्या लेटरहेडवर सही करू नका, समोरचा कितीही ओळखीचा असला तरी.

प्रशिक्षण एकट्यानं मागू नका

सात माणसांच्या संस्थेसाठी कुणी व्याख्याता येणं अवघड. कळवा, मुंब्रा, ऐरोली, तुर्भे इथल्या पाच-सहा संस्था एकत्र आल्या की पंचवीस माणसं होतात आणि मग अर्धा दिवस मागता येतो. मार्च आणि सप्टेंबर टाळा. मार्चमध्ये वर्षअखेर असते. सप्टेंबरमध्ये लेखापरीक्षणाची धांदल असते, कारण ३१ मार्चला हिशेब बंद झाल्यावर सहा महिन्यांत ते पूर्ण करायचं असतं. निवासी प्रशिक्षण हवं असेल तर भाईंदरजवळ उत्तनला रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी आहे. स्वयंसेवी संस्थांच्या कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण हा तिच्या कामाचा जुना भाग आहे.

विषय आपणच ठरवून द्यावेत, नाहीतर दीड तास कायद्याच्या इतिहासात जातो. छोट्या संस्थेला आधी लागतात ते असे. मुलांसोबत काम असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, २०१२ : अत्याचाराची माहिती मिळाली की ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं कलम १९ प्रमाणे बंधनकारक आहे, आणि ‘आधी आपल्या मंडळात बोलू’ असं म्हणून थांबणाऱ्याला कलम २१ खाली शिक्षा होऊ शकते. हा विषय मी नेहमी पहिला ठेवते, चहाच्या आधी, सगळे ताजेतवाने असताना.

त्यानंतर कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा. दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तर अंतर्गत समिती हवीच. दहापेक्षा कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, आणि हे तुमच्या शिक्षिकेला, सफाईच्या मावशींना माहीत असायला हवं. पत्रात ‘मानधन’ लिहिलं म्हणून जबाबदारी टळत नाही.

परदेशी पैशाचा विषय थोडक्यात पण नेमका घ्या. एफसीआरए, २०१० या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना परदेशी देणगी घेता येत नाही. अमेरिकेतला भाचा भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल तर ती परदेशी देणगी ठरत नाही. त्यानं तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर ठरते. पासपोर्टची प्रत मागायला संकोच करू नका. आमच्या एका सत्रात निम्म्या खोलीनं या एका मुद्द्यावर वह्या उघडल्या.

आयकराच्या सत्रासाठी चार्टर्ड अकाउंटंट बोलवा, वकील नको. त्यांना आधीच विचारा, की टिपणं नव्या कायद्याप्रमाणे आहेत का. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाल्यानं १२ एबी (संस्थेच्या करसवलतीची नोंदणी), ८० जी हे ओळखीचे आकडे बदललेले आहेत. जुन्या छायाप्रती वाटल्या तर कार्यकर्ते चुकीची कलमं पाठ करतील.

आणि प्रत्येक संस्थेनं स्वतःची इतिवृत्तवही घेऊन यावं. वकिलानं दोन वह्या सगळ्यांसमोर उघडून ‘या ठरावात काय राहिलं?’ एवढं दाखवलं की तासाभराच्या भाषणानं होत नाही ते होतं.

मोफतचा आग्रह कुठं सोडायचा

संस्थेची जमीन किंवा इमारत विकायची, गहाण टाकायची किंवा दीर्घ मुदतीच्या भाड्यानं द्यायची असेल तर १९५० च्या कायद्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. विश्वस्तांत फूट पडली असेल, एखाद्या कर्मचाऱ्यावर किंवा संस्थेवर फौजदारी तक्रार असेल, तर वर्षभर प्रत्येक तारखेला उभं राहणारा वकील हवा. तिथं फी ठरवा, हप्ते मागा, देणगीदाराला स्पष्ट सांगून त्या कामासाठी पैसे उभे करा. भांडणात दोन्ही गटांनी एकाच भल्या माणसाकडे धाव घेऊ नये. तो एका बाजूचाच सल्लागार होऊ शकतो.

आदेश हातात आल्यावर

चेंज रिपोर्ट मंजूर झाला की लोक पेढे वाटतात आणि फाईल बंद करतात. थांबा. आदेशाची प्रमाणित प्रत घ्या. त्यानुसार शेड्यूल वनमध्ये नोंद चढली का, ते पाहा. चढली नसेल तर पाठपुरावा करा. नोंद चढल्यावरच नवा उतारा काढा, तो बँकेत, पॅनच्या नोंदीत आणि आयकराच्या पोर्टलवर पोचवा. सोसायटी असाल तर सर्वसाधारण सभेनंतर १४ दिवसांत नव्या मंडळाची यादीही द्यायची असते, १८६० च्या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे.

आमच्या उताऱ्यावर नवी नावं चढली त्या दिवशी मी त्याची एक प्रत वकीलबाईंना नेऊन दिली. त्यांनी ती पाहिली आणि विचारलं, ‘पुढची निवडणूक कधी?’ ती तारीख आणि तिच्यापुढचा नव्वदावा दिवस आता अभ्यासिकेच्या कालनिर्णयवर लाल पेनानं लिहिलेला असतो, मुलांच्या परीक्षांच्या वेळापत्रकाशेजारी.